लेव्हल ४२ : १९८७ नंतरचा बँड हा तोच बँड मानावा का?

मंद्रसप्तक

लेव्हल ४२ या ब्रिटिश बँडचा विषय निघाला की चाहत्यांचे सरळ दोन तट पडतात. एका तटाच्या मते १९८१ च्या पहिल्या अल्बमपासून १९८४ च्या 'ट्रू कलर्स'पर्यंत जॅझ-फंक वाजवणारा बँड हाच खरा, आणि १९८५ च्या 'वर्ल्ड मशीन'पासून त्यांनी रेडिओपुढे मान तुकवली. दुसऱ्या तटाची बँडशी ओळखच मुळी 'समथिंग अबाउट यू' आणि 'लेसन्स इन लव्ह' या गाण्यांमुळे झालेली असल्याने त्याआधीचे सगळे काम त्यांना पूर्वतयारी वाटते.

मला हे दोन्ही तट चुकीच्या जागी भांडताना दिसतात. जॅझ-फंककडून पॉपकडे झालेला प्रवास हळूहळू झाला आणि तो त्याच चौघांनी मिळून केला. खरा तुटलेपणा १९८७ च्या अखेरीस आला, जेव्हा ड्रमर फिल गूल्ड आणि गिटारवादक बून गूल्ड हे दोघे भाऊ बाहेर पडले. मुख्य गायक मार्क किंग यांचा बेस (खालच्या सुरांची गिटार) आणि आवाज तोच राहिला, माइक लिंडप यांचे कीबोर्ड आणि त्यांचा तो उंच फॉल्सेटोही (नेहमीच्या पट्टीच्या वर चढवलेला पातळ आवाज) राहिला, तरीही पुढचे अल्बम ऐकताना मला तो बँड ओळखू येत नाही. गीतांचे शब्द बहुतांशी या भावांचे होते, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण ड्रम्स आणि बेस यांच्या नात्यात आहे, पण त्याविषयी जाणकारांनीच लिहावे. १९८७ नंतरचा लेव्हल ४२ हा तोच बँड आहे, असे आपण मानता का?

उगीचच

विनोदी लेखक डग्लस ॲडम्स यांनी ४२ हे जीवन, विश्व आणि इतर सर्व बाबींचे अंतिम उत्तर असल्याचे जाहीर केलेले असताना मंद्रसप्तक पुन्हा प्रश्न विचारत आहेत, याची नोंद घेतली आहे.

कॅसेटकाळ

विनोद बाजूला ठेवून सांगायचे तर बँडचे नाव खरोखरच ॲडम्स यांच्या त्या आकड्यावरून आलेले आहे. आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. १९८८ च्या 'स्टेअरिंग ॲट द सन'वर गिटारला ॲलन मर्फी आहेत आणि ड्रम्सवर गॅरी हजबंड. मर्फी यांनी त्याआधी गायिका केट बुश यांच्यासोबत काम केलेले होते आणि हजबंड हे तर ड्रम्सइतक्याच अधिकाराने पियानो वाजवणारे कलावंत आहेत. या दोघांना बदली खेळाडू म्हणणे अन्यायाचे आहे. श्रोत्यांनीही त्यांना नाकारले नाही. जुन्या चौघांचा शेवटचा अल्बम 'रनिंग इन द फॅमिली' ब्रिटनच्या अल्बम-यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला होता आणि 'स्टेअरिंग ॲट द सन'ही दुसऱ्याच क्रमांकापर्यंत पोहोचला. फाळणी इतकी मोठी असती तर ती तिथे दिसली असती.

आमच्या मित्रमंडळात ही कॅसेट हातोहात फिरत असे आणि प्रत्येक वेळी आवरणावरची नावे वाचून वाद होत असे. फिल गूल्ड यांचे नाव नाही हे पाहून एक मित्र कॅसेट न ऐकताच परत देऊन गेला. मला वाटते, धागाकर्तेही थोडेसे तसेच ऐकत आहेत.

चौथी तार

'ड्रम्स आणि बेस यांचे नाते' हा शब्दप्रयोग धागाकर्त्यांनी सहज केला असला तरी सगळी मेख तिथेच आहे, त्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो. मी स्वतः बेस वाजवतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप वेळेवर करता येईल.

किंग ज्या स्लॅप पद्धतीने बेस वाजवतात ती रूढ करण्याचे श्रेय स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडच्या लॅरी ग्रॅहम यांना दिले जाते. ते आधी आईच्या वाद्यवृंदात वाजवत असत आणि तिथे ड्रमर नव्हता. त्यामुळे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या जागी त्यांनी अंगठ्याने तारेवर ठोका मारायला आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या जागी बोटाने तार ओढून सोडायला सुरुवात केली. ज्यांना हे वाद्य अपरिचित आहे त्यांनी लावणीची ढोलकी आठवावी. अंगठ्याचा ठोका म्हणजे धुमाच्या बाजूचा नाद आणि ओढलेली तार म्हणजे शाईच्या बाजूची थाप.

आता मार्क किंग यांच्याकडे येऊ. ते मुळात ड्रमर होते. बँड जमला तेव्हा ड्रम्सची जागा फिल गूल्ड यांच्याकडे होती आणि बेस वाजवणारे कोणी नव्हते, म्हणून किंग बेसकडे वळले. ड्रमर नाही म्हणून ड्रम्सच्या जागी शोधलेली पद्धत एका ड्रमरच्याच हाती पडली तर काय होईल, ते त्यांच्या वादनात ऐकू येते. उजव्या अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये ते डाव्या हाताची बोटे दाबलेल्या तारांवर आपटतात. त्यातून सूर येत नाही, नुसता 'टक' असा आवाज येतो, आणि त्यामुळे एका आवर्तनातल्या सोळाच्या सोळा मात्रा भरल्यासारख्या वाटतात. बेस गिटार छातीजवळ उंच बांधलेली, तारा नेहमीपेक्षा बारीक आणि बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, हे सगळे त्या वेगासाठीच आहे. सुरुवातीच्या काळातला त्यांचा प्रसिद्ध जेडी सुपरनॅचरल बेस बर्मिंगहॅमच्या जॉन डिगिन्स यांनी बनवलेला होता.

अशा वादकाच्या मागे ड्रमरने काय करावे? सोळा मात्रा बेसनेच भरलेल्या असतील तर ड्रमरला जागा सोडता आली पाहिजे. फिल गूल्ड यांना ती सोडता येत असे. हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरचे त्यांचे नाजूक काम आणि स्नेअरवरचे जवळजवळ न ऐकू येणारे हलके ठोके बेसच्या फटींमध्ये बसतात. हजबंड अधिक मोठे वादक असतील, पण ते जागा भरतात. हे दोष म्हणून सांगत नाही. त्यामुळे बेस पहिल्यांदाच ताल सांभाळणारे साधे वाद्य वाटू लागतो आणि धागाकर्त्यांना बँड ओळखू न येण्याचे कारण हेच असावे.

कोपऱ्यातला तबलजी

फार उत्तम प्रतिसाद. एक शंका विचारतो. हे सगळे चालू असताना तोच मनुष्य मुख्य गायकही आहे. तबला वाजवताना बोल बोलणे निराळे, कारण दोन्हींची लय एकच असते. इथे गाण्याची ओळ लांब, सरळ आणि संथ आहे आणि हात सोळा मात्रांत धावत आहेत. हे जमते कसे?

चौथी तार

तबलजीबुवा, माझ्या अनुभवाने हात पूर्णपणे सवयीवर सोडावा लागतो आणि लक्ष फक्त शब्दांकडे द्यावे लागते. मला ते अजूनही नीट जमत नाही, म्हणून मी गात नाही. शेजारी त्याबद्दल समाधानी आहेत.

साउदॅम्प्टनकरीण

मी ज्या शहरात राहते तिथून बोटीने आयल ऑफ वाइटला जाता येते आणि ती बोट काउझला लागते. मार्क किंग यांचा जन्म १९५८ साली त्याच काउझचा. गूल्ड बंधूही त्याच बेटावर वाढले. बेट लहान आहे, उन्हाळ्यात नौकास्पर्धांच्या निमित्ताने गजबजते आणि एरवी शांत असते. अशा ठिकाणी वाजवणारी मुले एकमेकांना न भेटणे अशक्यच, त्यामुळे बँड जमला याचे मला फारसे नवल वाटत नाही.

माइक लिंडप मात्र लंडनकडचे. फिल गूल्ड आणि त्यांची ओळख गिल्डहॉल या संगीतविद्यालयात झाली. लिंडप यांच्या आई नादिया कॅटूस या बेलीझहून आलेल्या लोकगायिका आणि अभिनेत्री, वडील डेव्हिड लिंडप संगीतकार. बँडच्या आवाजात जी एक मखमल आहे ती मला या घराण्यातून आलेली वाटते. किंग यांचा आवाज खालच्या पट्टीत, थोडा कोरडा, आणि त्यावर लिंडप यांचा फॉल्सेटो, असा तो जोडआवाज १९८० पासून, मधला खंड सोडला तर, आजतागायत टिकून आहे. मंद्रसप्तक यांनी तो एका वाक्यात उरकला, ही माझी तक्रार आहे. कोणतेही गाणे लागले की दोन ओळींत बँड ओळखू येतो तो या आवाजांच्या जोडीमुळे, आणि ड्रमर कोण आहे हे ऐकणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांना समजतही नाही.

मी त्यांचे कार्यक्रम इकडे ऐकले आहेत. सभागृहात माझ्या वयाच्या स्त्रिया कमी आणि बेस वाजवणाऱ्याच्या हातांकडे टक लावून पाहणारे मध्यमवयीन पुरुष अधिक, अशी परिस्थिती असते.

चौथी तार

शेवटच्या वाक्याला आक्षेप नाही.

निव्वळ श्रोता

इतके सगळे लिहिले गेले आणि वॉली बादारू यांचे नाव अजून कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. पॅरिसमध्ये जन्मलेले, बेनिनी वंशाचे हे कीबोर्डवादक अधिकृत सदस्य कधीच नव्हते, पण सुरुवातीपासून ध्वनिमुद्रणांत होते, अनेक गाण्यांचे सहरचनाकार होते आणि 'वर्ल्ड मशीन'चे तर बँडसोबत सहनिर्मातेही होते. रॉबिन स्कॉट यांच्या 'एम' या प्रकल्पासाठी फिल गूल्ड आणि बादारू या दोघांनीही वाजवले होते, तिथून ही ओळख पुढे आली. त्याच सुमारास बहामामधल्या कंपास पॉइंट स्टुडिओत गायिका ग्रेस जोन्स यांच्या अल्बमांवर बादारू काम करत होते.

मला हा धागा चुकीच्या व्यक्तींभोवती फिरताना दिसतो. पॉपकडे झालेले वळण हे बादारू यांच्या सिंथेसायझरमधून झालेले वळण आहे. 'लेसन्स इन लव्ह' हे गाणे किंग, बून गूल्ड आणि बादारू या तिघांच्या नावावर आहे, हे पुरेसे बोलके आहे. ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याआधीचे 'समथिंग अबाउट यू' ब्रिटनमध्ये सहाव्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर पोहोचले होते. म्हणजे जी गाणी जगाने ऐकली त्यांच्या रंगरूपावर त्या पाचव्या माणसाचा हात होता, आणि त्याचा फोटो मात्र आवरणावर नसे.

मंद्रसप्तक

बादारू यांच्याविषयी पूर्णपणे मान्य. उलट, माझ्या मुद्द्याला त्यामुळे बळच मिळते. बादारू १९८७ नंतरही सोबत होते, म्हणजे सिंथेसायझरचा थर तसाच राहिला आणि तरीही काहीतरी निसटले. मग जे निसटले ते सिंथेसायझरमध्ये नव्हते, असाच अर्थ निघतो.

साउदॅम्प्टनकरीणताई, आवाजांच्या जोडीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण केवळ ओळखू येणे हाच निकष लावला तर उत्तम नक्कल करणारा बँडही मूळ बँड ठरेल.

साउदॅम्प्टनकरीण

नक्कल करणाऱ्यांना लिंडप यांचा फॉल्सेटो लावून दाखवू द्या, मग बोलू.

जुनी तबकडी

मी पहिल्या तटाचा आहे आणि अजून माझ्या बाजूने कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. १९८० च्या 'लव्ह मीटिंग लव्ह'पासूनचा बँड ज्यांनी ऐकला आहे त्यांना पुढची चकचकीत निर्मिती पचत नाही. पहिल्या अल्बमांवर चक्क शब्दांविना वाद्यरचना आहेत. क्लबमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवणारा बँड जॅझच्या वाटेने इतका लांब जातो आणि तरीही नाच थांबत नाही, ही त्या काळातल्या ब्रिटिश जॅझ-फंकची खरी कमाई होती. पुढे त्याच वादकांनी चार मिनिटांच्या चौकटीत स्वतःला बसवून घेतले.

आणि त्यांची आवड कुठली होती ते पाहा. किंग यांचे आदर्श बेसवादक स्टॅन्ली क्लार्क, ड्रमर बिली कोबॅम आणि गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा. 'ट्रू कलर्स'साठी त्यांनी निर्माता म्हणून केन स्कॉट यांना घेतले. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या 'बर्ड्स ऑफ फायर'च्या ध्वनिमुद्रणाचे काम याच स्कॉट यांनी केले होते, कोबॅम यांच्या 'स्पेक्ट्रम'वरही त्यांचा हात होता आणि क्लार्क यांच्या 'स्कूल डेज'च्या निर्मितीतही. म्हणजे लहानपणी ज्या तबकड्या झिजवल्या त्यांचा कर्ताच त्यांनी गाठला. आपल्याकडच्या श्रोत्यांना मॅकलॉक्लिन परिचित आहेत ते झाकीर हुसेन यांच्यासोबतच्या 'शक्ती'मुळे, पण त्याआधीच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचे धागेदोरे असे एका ब्रिटिश पॉप-फंक बँडपर्यंत पोहोचतात.

निव्वळ श्रोता

जुनी तबकडी यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. 'ट्रू कलर्स'च्या आधीचा १९८३ चा 'स्टँडिंग इन द लाइट' लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झाला आणि त्याचे निर्माते 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचे लॅरी डन आणि बेसवादक व्हर्डीन व्हाइट होते. त्यातल्या 'द सन गोज डाउन'ने बँडला ब्रिटनच्या पहिल्या दहांत प्रथमच नेले. म्हणजे पॉपची चव आपण ज्याला शुद्ध काळ म्हणता त्याच काळात लागलेली होती.

जुनी तबकडी

व्हर्डीन व्हाइट यांना निर्माता म्हणून घेणे हे बेसवादकाच्या दृष्टीने तीर्थयात्रेसारखेच आहे, त्यात पॉपची हाव कुठून आली? बाकी, त्या एका गाण्याने दारे उघडली हे मान्य.

कॅसेटकाळ

आता थोडा कठीण विषय. ॲलन मर्फी यांनी बँडसोबत एकच अल्बम केला. ऑक्टोबर १९८९ मध्ये एड्सशी निगडित न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पुढचा १९९१ चा 'गॅरंटीड' त्यांना अर्पण केलेला आहे आणि त्यावर गिटारसाठी ॲलन होल्ड्सवर्थ आले. जॅझ-फ्यूजनमधला इतका मोठा गिटारवादक पॉप बँडच्या अल्बमवर वाजवतो, ही घटना मला आजही विलक्षण वाटते. जुनी तबकडी यांनी तो अल्बम याच कारणासाठी तरी ऐकावा. जॅझ संपला होता असे म्हणणाऱ्यांना तिथे उत्तर मिळते.

पुढे दौऱ्यांवर जॅको जॅक्सिक गिटार वाजवू लागले आणि १९९४ च्या दौऱ्यात ड्रम्सवर गॅव्हिन हॅरिसन होते. कालांतराने हे दोघेही किंग क्रिम्सन या नामांकित ब्रिटिश रॉक बँडमध्ये दाखल झाले.

उगीचच

म्हणजे किंग यांच्याकडे उमेदवारी केल्याशिवाय किंग क्रिम्सनमध्ये प्रवेश नव्हता.

कोपऱ्यातला तबलजी

विषयांतर होत असल्यास क्षमस्व, पण मार्क किंग यांना मी प्रथम पाहिले ते १९८७ च्या, प्रिन्सेस ट्रस्ट (Prince's Trust) या ब्रिटिश सेवाभावी संस्थेच्या कार्यक्रमाच्या चित्रफितीत. मंचावर जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, एल्टन जॉन आणि फिल कॉलिन्स, आणि या सगळ्यांच्या मागे बेस धरून हाच मनुष्य. गाणे हॅरिसन यांचे, त्यामुळे तिथे एकही दिखाऊ ठोका नव्हता. सोळा मात्रा भरणारा वादक गरज नसेल तेव्हा गप्प बसू शकतो, हे पाहून मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटला.

फक्त शब्द

गीतलेखनाचा मुद्दा धागाकर्त्यांनी मांडला आणि नंतर तो हवेत विरला, म्हणून मी तो पुन्हा घेते. 'वर्ल्ड मशीन' आणि 'रनिंग इन द फॅमिली' या दोन्ही अल्बमांत चाली उजळ आहेत आणि शब्द मात्र उदास. संसार तुटतात, माणसे निघून जातात, वडिलांचे स्वभाव मुलांत उतरतात. नाचण्याजोग्या तालावर असे शब्द ठेवणे हा त्या बँडचा खास गुण होता आणि त्यामागे गूल्ड बंधू होते. १९८७ नंतरचे शब्द वाईट नाहीत, पण ते तालाच्या बाजूने बोलतात, तालाविरुद्ध बोलत नाहीत. ड्रम्सचे बारकावे मला समजत नाहीत, तरीही फरक मला ऐकू येतो, आणि तो इथे आहे.

जुनी तबकडी

इथे मी प्रथमच दुसऱ्या काळाच्या बाजूने एक वाक्य लिहितो. फक्त शब्द यांचे म्हणणे बरोबर आहे. सुरुवातीच्या अल्बमांचे शब्द आठवून पाहिले तर फारसे काही आठवत नाही.

चौथी तार

धागाकर्त्यांच्या मताची एक परीक्षा घेता येते आणि ती अजून कोणी घेतलेली नाही. फिल गूल्ड १९९४ च्या 'फॉरएव्हर नाउ'साठी परत आले होते. दौऱ्यावर गेले नाहीत, पण अल्बमवर ड्रम्स त्यांचेच आहेत. ड्रम्स आणि बेस यांचे नाते हेच जर सर्वस्व असेल, तर तो अल्बम 'वर्ल्ड मशीन'च्या तोडीचा वाटायला हवा. वाजवण्याच्या बाबतीत तो मला तसा वाटतो. पहिल्या गाण्यापासून बेसला पुन्हा श्वास घ्यायला जागा मिळालेली आहे. तरीही एकूण परिणाम तो नाही, हे मलाही कबूल करावे लागेल. त्यावर बून नाहीत.

फक्त शब्द

आणि २००६ च्या 'रेट्रोग्लाइड'वर नेमके उलटे आहे. तिथे फिल नाहीत, ड्रम्स हजबंड यांचे आहेत, पण शब्दांसाठी बून यांचा हातभार आहे. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐकले तर कोणत्या भावाने काय नेले होते, ते स्पष्ट होते. बून २०१९ मध्ये गेले, त्यामुळे दोघांना एकत्र ऐकण्याची शक्यता आता उरलेली नाही.

मंद्रसप्तक

चौथी तार आणि फक्त शब्द यांनी जे दोन अल्बम समोर ठेवले त्यांवरून माझा प्रश्न दोन तुकड्यांत फुटला आणि ते चांगले झाले. 'फॉरएव्हर नाउ'मध्ये मला वादन ओळखू येते, 'रेट्रोग्लाइड'मध्ये शब्द ओळखू येतात. १९८८ आणि १९९१ च्या अल्बमांत मला यांपैकी काहीच सापडत नाही, मग मर्फी, होल्ड्सवर्थ आणि हजबंड कितीही थोर असोत. नाव तेच असले तरी त्या दोन अल्बमांना मी दुसरा बँड म्हणेन आणि कॅसेटकाळ यांच्या मित्राची बाजू घेईन. फक्त त्याने कॅसेट ऐकून परत करायला हवी होती.

कॅसेटकाळ

त्याला कळवतो. तो अजूनही आवरणे वाचतो. अलीकडच्या आवरणांवर गिटारच्या पुढे नेथन किंग हे नाव पाहून त्याने विचारले की हे कोण. मार्क किंग यांचे धाकटे भाऊ, असे सांगितल्यावर तो म्हणाला की दोन भाऊ गेले आणि एक भाऊ आला, हिशेब अजून जुळलेला नाही.

नवखा श्रोता

सर्व प्रतिसाद वाचले. मी यांतले एकही गाणे ऐकलेले नाही. एकच अल्बम ऐकायचा असेल तर कोणता ऐकावा?

जुनी तबकडी

पहिला, १९८१ चा.

साउदॅम्प्टनकरीण

'वर्ल्ड मशीन'.

चौथी तार

या दोघांचे ऐकू नका, दोघे आपापल्या तटावरून बोलत आहेत. 'अ फिजिकल प्रेझेन्स' हा प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित केलेला दुहेरी अल्बम घ्या. तो १९८५ मध्ये, 'वर्ल्ड मशीन'च्या काही महिने आधी आला. चौघे मूळ सदस्य आहेत, जुनी गाणी पूर्ण वेगात आहेत आणि बेस ध्वनिमुद्रणात पुढे ठेवलेला आहे. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरमधून ऐकलेत तर आम्ही इतके सगळे कशाविषयी भांडलो ते अजिबात ऐकू येणार नाही.